अंगात सूज, सीआरपी वाढलेला, तरी सारखं इन्फेक्शन: चरबी आणि इम्युनिटीचं नेमकं नातं काय?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी, माझ्या मोठ्या बहिणीबद्दल विचारायचंय. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८६ किलो. नुकत्याच सगळ्या टेस्ट केल्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ आला आणि एचएस-सीआरपी (अंगातल्या सुजेची रक्तचाचणी) ६.२. डॉक्टर म्हणाले डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात आणि चरबीमुळे अंगात सतत सूज, म्हणजे आतल्या आत चालणारं इन्फ्लमेशन, आहे, वजन उतरवा. एवढं बोलून पुढचा पेशंट आत बोलावला, त्यामुळे आम्हाला काही विचारताच आलं नाही.

आता माझं शिक्षण बारावी सायन्सपर्यंतचं, त्यामुळे थोडं वाचून बघितलं पण डोक्यात गोंधळ वाढला. चरबी म्हणजे साठवलेलं तेल-तूप अशीच माझी समजूत आहे, ते नुसतं पडून असेल तर सूज का येईल, ना जखम ना जंतू. आणि दुसरं म्हणजे सूज ही आपली इम्युनिटी काम करत असल्याची खूण असते ना? मग तिची इम्युनिटी इतकी जोरात चालू असेल तर तिला सारखं काहीतरी का होतं? काखेत आणि जांघेत गळवं येतात, एक बरं झालं की दुसरं, आणि साधा सर्दी-खोकलाही तिला दोन-दोन आठवडे सोडत नाही. घरात सगळे तिला तोंड आवर म्हणतात, ती आता जेवताना कुणाच्या समोर बसत नाही, ते बघवत नाही म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय. रोज हळदीचं दूध आणि काढा सुरू केलाय, त्याने सूज उतरेल का तेही सांगा.

सूक्ष्मदर्शी:

गोदाकाठ, प्रश्न फार चांगले विचारलेत. मी याच विषयावर लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर चालवून घ्या.

चरबी पडून असते हा समज शास्त्रज्ञांचाही होता, बरीच वर्षं. १९९३ साली बोस्टनमध्ये हार्वर्डच्या गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना दिसलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचा रेणू बाहेर पडतोय. हा रेणू तोवर जंतुसंसर्ग आणि कॅन्सरच्या संदर्भात माहीत होता. तो निकामी केला तर त्या उंदरांचं इन्सुलिन पुन्हा बरं काम करायला लागलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन शोधलं, म्हणजे चरबीतून निघून मेंदूला निरोप देणारं हार्मोन. तेव्हापासून चरबीकडे एक अवयव म्हणून बघायला सुरुवात झाली.

मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की लठ्ठपणात चरबीच्या आत मॅक्रोफेज भरतात. मॅक्रोफेज म्हणजे मेलेल्या पेशी, कचरा, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. सडपातळ उंदरात चरबीतल्या एकूण पेशींपैकी या १० टक्क्यांच्या आत असतात, अतिलठ्ठ उंदरात ५० टक्क्यांच्या वर जातात, आणि लठ्ठ माणसांच्या नमुन्यात ४० टक्क्यांच्या आसपास सापडल्या. म्हणजे चरबी वाढली असं आपण म्हणतो तेव्हा आत प्रतिकारपेशींची वस्तीपण वाढलेली असते.

आमच्याकडे बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या सर्जरीतून पोटातल्या चरबीचे तुकडे येतात, अर्थात पेशंटच्या लेखी संमतीने. कात्रीने बारीक करायचे, पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे एन्झाइम घालून ३७ डिग्रीला हलवत ठेवायचे, गाळायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. चरबीच्या पेशी पिवळा थर होऊन वर तरंगतात आणि प्रतिकारपेशी ट्यूबच्या तळाशी बसतात. सारख्याच वजनाचा तुकडा घेतला तरी तळाचा गाळ माणसागणिक फार वेगळा असतो, आणि तो फरक वजनकाट्यावर अजिबात दिसत नाही. त्याच चरबीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की फुगलेल्या चरबीच्या पेशी दिसतात, काहींचा व्यास १०० मायक्रॉनच्या वर गेलेला. मध्येच एखादी पेशी अशी असते जिच्यावर जिवंतपणाची खूण असलेलं पेरिलिपिन रंगत नाही, म्हणजे ती मेलेली आहे, आणि तिच्याभोवती मॅक्रोफेज एकाला एक चिकटून गोल कडं करून बसलेले. याला क्राउन म्हणतात. इटलीच्या सावेरियो चिंती यांनी २००५ मध्ये दाखवलं की लठ्ठपणात चरबीतले ९० टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच असतात. तर तुम्ही म्हणालात ना जखम ना जंतू, पण जखम आहे, ती इतकी बारीक आणि इतक्या ठिकाणी आहे की बाहेरून कळत नाही. पेशी ताणून ताणून मोठी होते, रक्तवाहिनी त्या मानाने वाढत नाही, ऑक्सिजन कमी पडतो, पेशी मरते, तिच्यातलं तेल बाहेर सांडतं आणि ते गिळायला मॅक्रोफेज येतात.

आता मुख्य मुद्दा, जो फार कमी लिहिला जातो. प्रतिकारपेशी काय जाळून ऊर्जा मिळवतात त्यावर त्या कशा वागतात हे ठरतं. सडपातळ माणसाच्या चरबीतले मॅक्रोफेज शांत असतात, मायटोकाँड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऑक्सिजन वापरून सावकाश फॅटी ॲसिड जाळतात, डागडुजी करतात. जंतू आला की हेच मॅक्रोफेज ग्लायकोलिसिसवर जातात, म्हणजे ग्लुकोज अर्धवट फोडून ऊर्जा काढायची. यात एका ग्लुकोजमागे ऊर्जेची नाणी म्हणजे एटीपी फक्त २ मिळतात, पूर्ण जाळलं असतं तर ३० च्या आसपास मिळाले असते, पण काम झटपट होतं आणि नवे रेणू बनवायला कच्चा माल मिळतो. अशा वेळी मायटोकाँड्रियातलं क्रेब्स चक्र मध्येच तुटतं आणि सक्सिनेट साचतं. डब्लिनच्या ल्यूक ओनील यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की हे साचलेलं सक्सिनेट एचआयएफ-१ अल्फा नावाच्या प्रथिनाला टिकवून धरतं आणि ते प्रथिन आयएल-१ बीटा बनवायचा हुकूम देतं. आयएल-१ बीटा म्हणजे ताप-सूज आणणारा जुना खिलाडी. बारावीला क्रेब्स सायकल पाठ केली असेल, ती नुसती ऊर्जेची गोष्ट नाहीये, तिच्यातले पदार्थ जीन्सना आदेशही देतात.

मात्र तो प्रयोग बॅक्टेरियाच्या विषावरचा होता, लठ्ठपणात अगदी तसंच होत नाही आणि हे वेगळेपण महत्त्वाचं आहे. चरबीतल्या मॅक्रोफेजभोवती जंतू नसतात, तिथे पाल्मिटेटसारखी फॅटी ॲसिडं, ग्लुकोज आणि इन्सुलिन तिन्ही एकाच वेळी जास्त असतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लेव बेकर यांच्या गटाने पेशींना हे तीनच पदार्थ देऊन बघितलं, तर एक वेगळाच अवतार तयार झाला जो एका बाजूने सूज आणणारे रेणू सोडतो आणि दुसऱ्या बाजूने तेल गिळून पचवतो. नंतर उंदरांच्या चरबीतून थेट काढलेल्या मॅक्रोफेजमध्येही हेच दिसलं, ग्लायकोलिसिसपण वाढलेलं आणि ऑक्सिजन वापरणंपण वाढलेलं. पेशी चहूबाजूंनी जळतेय. त्यातच पाल्मिटेटपासून सेरामाइड बनतं, ते आणि इतर काही गोष्टी मिळून एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा चालू करतात आणि आयएल-१ बीटा कापून तयार होऊन बाहेर पडतं. विश्वदीप दीक्षित यांच्या गटाचं २०११ चं काम आहे हे, सध्या ते येलमध्ये आहेत.

इथून पुढे चक्र सुरू होतं. टीएनएफ आणि आयएल-१ बीटा चरबीच्या आणि लिव्हरच्या पेशींवर बसतात, आत जेएनके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ते इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ वर चुकीच्या जागी फॉस्फेट लावतं. निरोप अडतो. इन्सुलिनचं एक काम म्हणजे चरबी विरघळू न देणं, तोच निरोप पोचला नाही तर चरबी जास्त विरघळते, रक्तात फॅटी ॲसिड वाढतात, ती पुन्हा मॅक्रोफेजना मिळतात. आणि चरबीतून निघालेलं आयएल-६ हे सुजेचा निरोप नेणारं आणखी एक प्रथिन लिव्हरला गेलं की लिव्हर सीआरपी बनवतं, तो तुमच्या रिपोर्टवरचा ६.२.

गोदाकाठ:

बापरे, खूप खूप धन्यवाद. दोनदा वाचलं, बहिणीलाही वाचून दाखवलं, त्या मेलेल्या पेशीभोवतीच्या कड्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली म्हणजे माझ्या अंगात खरंच काहीतरी चाललंय, मी नुसती आळशी नाहीये. पण माझा दुसरा प्रश्न राहिला, इतक्या पेशी चवताळलेल्या असताना इन्फेक्शन का होतं?

सूक्ष्मदर्शी:

हो तो राहिलाच. एकाच माणसात काही पेशी जास्त तापलेल्या आणि काही लुळ्या असू शकतात, आणि लुळेपणाचं कारणही जळणाशीच जोडलेलं आहे.

नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात, विषाणू घुसलेल्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी मारणं त्यांचं काम. आयर्लंडच्या लिडिया लिंच यांच्या गटाने २०१८ मध्ये लठ्ठ माणसांच्या आणि उंदरांच्या या पेशी तपासल्या. त्यांच्या आत तेलाचे थेंब साठलेले होते. इतकं फॅट आजूबाजूला असल्यामुळे पीपीएआर नावाचे स्विच चालू होतात, पेशी फॅट आत घेत राहते आणि तिचं ग्लायकोलिसिस बसतं, जे मारायच्या वेळी लागतंच. मग होतं असं की ही पेशी शत्रूला ओळखते, त्याला जाऊन चिकटते, पण परफोरिनच्या, म्हणजे शत्रूपेशीला भोकं पाडणाऱ्या प्रथिनाच्या, पुड्या चिकटलेल्या जागेपर्यंत आणू शकत नाही. म्हणजे ओळख पटते, पकड बसते आणि वार होत नाही. लॅबमध्ये त्या पेशींच्या मायटोकाँड्रियात फॅट जाणं औषधाने अडवलं तर मारण्याची ताकद परत आली, यावरून कळतं की पेशी कायमची बिघडलेली नव्हती, जळणाने अडवलेली होती.

म्हणून बघा, तेच फॅट मॅक्रोफेजला भडकवतं आणि नॅचरल किलरला गप्प करतं. इम्युनिटी जास्त की कमी हा प्रश्नच मला अपुरा वाटतो, कोणती पेशी, कुठे, काय जाळतेय हे विचारायला हवं. शांतता राखणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशीपण असतात, सडपातळ उंदरांच्या पोटातल्या चरबीत त्या भरपूर असतात आणि लठ्ठपणात खूप घटतात, म्हणजे भडका आवरणारंही कमी होतं.

याचे परिणाम समाजात दिसलेत. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत, जिचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, जगभरच्या डॉक्टरांच्या पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं की लठ्ठ पेशंट जास्त गंभीर होतायत. नंतर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्लूची लस घेतलेल्या लोकांचा अभ्यास झाला, लठ्ठ लोकांमध्ये अँटिबॉडी सुरुवातीला छान वाढल्या पण वर्षभरात जास्त उतरल्या आणि टी पेशींचा प्रतिसादही मवाळ होता. यावरून लस घेऊ नये असा अर्थ कृपया काढू नका, उलट तुमच्या बहिणीसारख्यांनी दरवर्षी फ्लूची लस चुकवू नये.

पंचगंगा:

मी एमडी मेडिसिन, कोल्हापूरला प्रॅक्टिस. वरची माहिती उत्तम आहे, फक्त ओपीडीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

गोदाकाठ ताई, काखेत आणि जांघेत गळवं, एक बरं झालं की दुसरं, हे वाचून मी थांबलो. याला सगळे इन्फेक्शन समजतात, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात, पण हा हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचा आजार असू शकतो. यात केसाच्या मुळाशी छिद्र बुजतं, आतली पिशवी फुटते आणि तिथे आपल्याच प्रतिकारपेशी भडकतात. लठ्ठपणाशी याचं जवळचं नातं आहे, सिगारेटशीही आहे. स्वच्छता कमी पडते म्हणून होत नाही, हे बहिणीला आवर्जून सांगा कारण या बायका वर्षानुवर्षं लाजेने दाखवतच नाहीत. कातडीखाली बोगद्यासारख्या वाटा झाल्यात का, जुन्या जागी ओढल्यासारखे व्रण आहेत का, एकाच छिद्राला दोन तोंडं असलेले काळे ठिपके दिसतात का ते बघा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. यावर जे इंजेक्शन वापरतात, ॲडॅलिम्युमॅब, ते टीएनएफलाच पकडतं, वर ज्याचा उल्लेख झाला तोच रेणू. मी न बघता निदान करत नाहीये, पण दाखवणं लांबवू नका.

दुसरं, सीआरपी. हृदयाच्या जोखमीच्या हिशोबात १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात, पण अंगावर पिकलेलं गळू असताना केलेल्या टेस्टचा अर्थ लावता येत नाही. सर्दी, दाढदुखी, काहीही असेल तरी तो चढतो. सगळं शांत असताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. तोवर ६.२ हा आकडा सगळा चरबीच्या नावावर टाकू नका.

तिसरं सूक्ष्मदर्शींना उद्देशून. सूज आधी की इन्सुलिनचा बिघाड आधी, हे माणसात इतकं सरळ नाहीये. उंदरात टीएनएफ अडवला तर साखर सुधारली, पण माणसांना टीएनएफविरोधी औषध देऊन बघितलं तर इन्सुलिनच्या कामात फारसा फरक पडला नाही. २०१७ ची कँटोस ट्रायल घ्या, १० हजारांवर पेशंट, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी वाढलेला, त्यांना आयएल-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं. हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, म्हणजे सूज हृदयाला इजा करते हे पटलं, पण नवीन डायबेटिस काही थांबला नाही आणि जीवघेणी इन्फेक्शन वाढली. सूज दाबायचं औषध घेऊन लठ्ठपणाचे परिणाम पुसता येतील असं जे लोकांना वाटतं त्याला हा अभ्यास उत्तर देतो.

सूक्ष्मदर्शी:

पंचगंगा सर, हायड्राडेनायटिसचं तुम्ही पकडलंत हे फार बरं झालं.

सुजेबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे आणि त्यात एक भर घालते. टेक्ससमध्ये डॅलसच्या फिलिप शेरर यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांच्या चरबीतली सूज मुद्दाम दाबून बघितली होती. उंदीर निरोगी व्हायला हवे होते, पण झालं उलटं, चरबीला नीट वाढता येईना आणि तेल लिव्हरमध्ये जाऊन साठायला लागलं. म्हणजे थोडी सूज चरबीला लागतेच, मेलेल्या पेशी उचलायला, नवीन रक्तवाहिन्यांना जागा करायला. मॅक्रोफेज आले हा बिघाड नव्हे, काम संपत नाही आणि ते परत जात नाहीत हा बिघाड आहे. म्हणून त्यांना औषधाने गप्प करण्यापेक्षा तेल सांडणं कमी केलं तर जास्त उपयोग होतो असं माझं मत आहे.

रानजाई:

खूप चांगला धागा, सगळं वाचलं. पण मला एक सांगा, मी लठ्ठ नाहीये. उंची १६९ सेंमी, वजन ६४, लोक मला बारीक म्हणतात, फक्त पोट थोडं सुटलंय. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं, साखर वाढलेली आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०. मग माझ्या बाबतीत हे तेलाचं आणि सुजेचं गणित कसं लागू होतं? वजनावरच सगळं असतं तर मी सुटायला हवा होतो.

सूक्ष्मदर्शी:

रानजाई, तुमच्या प्रश्नावर जगातलं सगळ्यात मोलाचं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बरोब्बर सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. एकाच बीएमआयला दुपटीहून जास्त चरबी. हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर दाखवलं म्हणून लोकांच्या कायमचं लक्षात राहिलं.

आणि हे जन्मापासून असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची बाळं यांची तुलना केली तेव्हा आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ किरकोळ आणि तरी चरबी धरून, याला थिन-फॅट म्हणतात.

आता याचा सुजेशी संबंध. कातडीखालची चरबी ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा, तिथे नव्या छोट्या पेशी तयार होऊन तेल सामावलं जातं. ही जागा कुणाची मोठी असते, कुणाची छोटी. ज्याची छोटी त्याच्या पेशी लवकर फुगून फुटायला येतात आणि जादा तेल पोटाच्या आत, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये जाऊन बसतं. त्यामुळे १२० किलोच्या एखाद्याची चरबी शांत असू शकते आणि ६४ किलोच्या माणसाच्या पोटात क्राउन भरलेले असू शकतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी व बायकांची ८० सेंमीच्या वर गेली की सावध व्हायचं. काट्यापेक्षा टेप जास्त सांगते.

पंचगंगा:

रानजाई, तुमच्यासारखे पेशंट माझ्याकडे रोज येतात, एकटे नाही तुम्ही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटिसचे रुग्ण धरलेत आणि पोटाचा लठ्ठपणा साधारण ३९ टक्के लोकांत सापडला. थायरॉइड, दारू, औषधं ही कारणं बघून घ्या आणि लिव्हर किती कडक झालंय ते दाखवणारा फायब्रोस्कॅन करता आला तर करा.

हळदीचं राहिलंच. आमटीत, दुधात हळद खुशाल घ्या, पण त्यातला करक्युमिन हा घटक आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, त्याच्या भरवशावर चरबीतली सूज उतरणार नाही. आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचं सत्त्व घालून ज्या स्ट्राँग कॅप्सूल विकतात त्या घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, त्या मात्र स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका. काढ्यात गूळ घालत असाल तर तोही मोजा.

गोदाकाठ:

डॉक्टर, त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तुम्ही लिहिलेले दोन तोंडांचे काळे ठिपके आहेत हो, मी स्वतः बघितले. आजवर कुणीच तिकडे नीट बघितलं नव्हतं.

अजून एक विचारते आणि थांबते. बहिणीने याआधी दोनदा चांगलं वजन उतरवलंय, एकदा १४ किलो उतरवलं होतं आणि वर्ष-दीड वर्षात सगळं परत आलं. आता ती म्हणते काही उपयोग नाही, माझं शरीरच असं आहे. गुडघे दुखतात म्हणून चालणंपण होत नाही.

सूक्ष्मदर्शी:

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, तिला दोष देणाऱ्यांना हे वाचून दाखवा. झुरिकच्या ईटीएच संस्थेने २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला. ज्यांनी सर्जरीनंतर बीएमआय २५ टक्के किंवा जास्त कमी केला त्यांची चरबी आधी आणि दोन वर्षांनी तपासली. वजन उतरूनही चरबीच्या पेशींमधली बरीच जीन्स लठ्ठपणातल्यासारखीच चालू-बंद राहिलेली होती. उंदरांत तर डीएनएभोवतीच्या खुणापण तशाच राहिलेल्या सापडल्या आणि त्या उंदरांना पुन्हा तुपकट खाणं दिल्यावर त्यांचं वजन इतरांपेक्षा भराभर वाढलं. प्रतिकारपेशींचंही असंच काहीसं आहे, जर्मनीत बॉनच्या गटाने उंदरांना चार आठवडे पाश्चात्त्य खाणं देऊन मग साधं खाणं सुरू केलं, रक्तातली सूज उतरली पण बोनमॅरोतल्या मूळ पेशी पुढच्या वेळी जास्त भडकायला तयार राहिल्या. या खुणा किती वर्षांत पुसतात हे अजून शोधलं जातंय. म्हणून परत वजन येणं हे मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण मानणं मला अन्यायाचं वाटतं, आणि उतरवण्याइतकाच टिकवण्याचा प्लॅन डॉक्टरकडून मागून घ्यायला हवा.

जमेची बाजूही सांगते. येलच्या त्याच दीक्षित यांच्या गटाने २०२२ मध्ये, लठ्ठ नसलेल्या माणसांत, दोन वर्षं सरासरी १४ टक्के कॅलरी कमी केल्यावर चरबीत काय बदलतं ते बघितलं. सूज वाढवणाऱ्या पीएलए२जी७ नावाच्या जीनचं काम उतरलं होतं. १४ टक्के म्हणजे उपाशी मरणं नव्हे, रोजच्या दहा घासांतला जेमतेम दीड घास.

पंचगंगा:

खाण्याबरोबर औषधांचाही विचार करता येतो, भूक आणि वजन कमी करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड आता भारतात मिळतात. २०२३ च्या सिलेक्ट ट्रायलमध्ये डायबेटिस नसलेल्या पण हृदयविकार असलेल्या १७ हजारांवर लोकांत सेमाग्लुटाइडने हृदयाच्या घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या आणि सीआरपीही चांगलाच उतरला. महाग आहेत, मळमळ होते, बंद केली की वजन परत येऊ शकतं, आणि मेडिकलमधून परस्पर आणून टोचायची गोष्ट नाही. पण ३४-३५ बीएमआय आणि एचबीएवनसी ६.१ असताना तिने डॉक्टरांशी हा विषय काढायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा नाही.

गुडघ्यांसाठी स्टॅटिक सायकल. सीट उंच ठेवा, पॅडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, लोड अगदी कमी, पहिल्यांदा पाच मिनिटं जमली तरी ठीक. सोबत खुर्चीवर बसून उभं राहणं आणि मांडीचे व्यायाम.

सूक्ष्मदर्शी:

सायकलवरून आठवलं, हे मला फार आवडतं म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर मी आयएल-६ ला सूज वाढवणाऱ्यांत धरलंय. पण व्यायाम करताना तेच आयएल-६ स्नायूंतून सुटतं, जोरदार आणि लांब व्यायामात रक्तातलं प्रमाण शंभर पटीपर्यंत चढतं आणि थोड्या वेळात उतरतं. डेन्मार्कच्या बेंटे पेडरसन यांनी यावर आयुष्य घातलंय. २०१९ मध्ये कोपनहेगनला पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली, अर्ध्यांना त्याबरोबर आयएल-६ चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं. औषध नसलेल्यांची पोटातली चरबी कमी झाली, औषध दिलेल्यांनी तेवढीच सायकल चालवूनही झाली नाही. चरबीतून दिवसरात्र झिरपणारं आयएल-६ आणि स्नायूंतून तासाभरासाठी उसळणारं आयएल-६, रेणू तोच पण शरीर त्याचा अर्थ वेगळा लावतं.

त्यामुळे बहिणीला सांगा, सुरुवातीच्या आठवड्यांत काटा हलला नाही तरी सायकल थांबवू नको, कंबर मोज. सकाळी उपाशीपोटी, कपड्यावरून नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मध्ये टेप धरायची, श्वास सोडल्यावर आकडा बघायचा, आणि महिन्यातून एकदाच.